अण्णांपर्यंत न पोचलेली आमटी

वृंदाने अण्णांच्या नाकातल्या नळीला सिरिंज जोडली, गाळलेली पेज सावकाश उतरू दिली आणि वर पाणी सोडलं. इस्पितळातून घरी आणल्याला चाळीस दिवस झाले होते. आताशा तिचे हात डोक्याला न विचारताच काम उरकत.

मग एकाची चव दुसऱ्याला पोचवणाऱ्या रुचिवाहिनी यंत्राचा एक पट्टा तिने वडिलांच्या कपाळाला लावला, दुसरा स्वतःच्या, आणि ताट घेऊन बसली.

डॉ. खर्शीकर यंत्राच्या पडद्यावर डोळे लावून होते. अण्णांच्या मेंदूची रेघ सपाटच.

"आठवा दिवस," ते म्हणाले. "चव लागली की मेंदूतलं गिळण्याचं केंद्र जागं होतं. आजही झालं नाही, तर पोटात कायमची नळी घालायची. तोंडाने घास मग विसरायचा."

"यंत्र तपासलंत?"

"दोनदा. जिभेवर काय आहे ते यंत्राला कळत नाही, वृंदाताई. तुमच्या मेंदूला जेवढी चव जाणवते, तेवढीच अण्णांना पोचते. म्हणून तर तुम्हाला निवडलं. मसाल्याच्या कारखान्यात तीस वर्षं चव पाहिलेली बाई आणखी कुठे मिळणार? दोष अण्णांच्याच मेंदूत दिसतो. आमटी कशी झालीय?"

"चिंच लिंबाएवढी, गूळ सुपारीएवढा. बरोबर आहे."

"प्रमाण नाही विचारलं मी."

तिने आणखी एक घोट घेतला. चिंच, गूळ, मीठ ती पुन्हा मनात मोजू लागली.

तेवढ्यात शेजारच्या मालनमावशी वाटीत तिखटमीठ लावलेली कैरी घेऊन आल्या. "जेवलीस काय गं?"

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिलं. मग त्यांनी वृंदाच्या कपाळावरचा पट्टा सोडवून मावशींना बांधला.

"हे काय आणि नवीन?" म्हणत मावशींनी एक फोड तोंडात टाकली आणि एक डोळा मिटला.

पडद्यावरची रेघ उसळली. अण्णांची भुवई आक्रसली, गळ्याची घाटी वर सरकली, खाली आली. पुन्हा वर गेली.

"गिळलं की बापड्यानं," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

वृंदाला आनंद व्हायला हवा होता. तिने थोडी वाट पाहिली. मग वाटीतली एक फोड उचलून चावली. दात आंबले, बाकी काहीच नाही.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि नवा केसपेपर काढला. "पेशंटचं नाव?"

"दत्ताजी केरबा माने."

"ते आहे माझ्याकडे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं पूर्ण नाव सांगा."