चार हातांची साखळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. उंब्रजचे सयाजीमामा, माझे सख्खे मामा. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. भुताचं नाव काढलं तरी हसणारा माणूस.

मेढ्याजवळ त्यांच्या ओळखीचा कोंडीबा एकटाच राहायचा. तो वारला. मामांना उशिरा कळलं. पंधरा दिवसांनी ते त्याच्या घरी गेले. घराला कुलूप होतं. घरामागं कुणीतरी कण्हत होतं...

कुत्रा होता. खुंट्याला बांधलेला. नुसती हाडं. साखळी गळ्याच्या मांसात रुतलेली, जखमेत किडे.

शेजारची तानुबाई लांबूनच भाकरी-पाणी सारायची. साखळीला तिनं हात लावला नव्हता.

मामांनी लोखंड कापायच्या करवतीनं ती चार हात लांब साखळी कापली.

"नेऊ नगा आवं," तानुबाई म्हणाली. "कोंडीबा कुणाला सोडू द्यायचा न्हाई त्याला."

"मेला की त्यो."

तिनं घरात जाऊन दार लावून घेतलं.

उंब्रजला जनावरांच्या डॉक्टरांनी रुतलेली साखळी काढून जखम शिवली. मामांनी त्याचं नाव शेऱ्या ठेवलं. पहिले आठ दिवस तो बाजेखालून बाहेर आला नाही. मामा जमिनीवर बसून हातानं दूधभाकरी भरवायचे. महिन्याभरात जखम भरली. एके सकाळी त्यानं पहिल्यांदा शेपटी हलवली. मामा तोंड फिरवून डोळे पुसत होते, असं मामी सांगतात.

मग एका दुपारी, तीनच्या सुमाराला...

अंगणात साखळी फरफटल्याचा आवाज आला.

शेऱ्या पायरीवर झोपला होता. तो उठला, पोट घासत पेरूच्या झाडाखाली गेला आणि बसला. मामांनी हाक मारली. तो धावत निघाला, आणि चार हातांवर हिसका बसून मागं पडला...

गळ्यात काहीच नव्हतं.

केस मात्र गोल दबले होते. खालून रक्त येत होतं.

मग रोज तेच. दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत. उचलून आणायला गेलं तरी चार हातांपुढं तो येईना. त्यानं अन्न सोडलं.

पाचव्या दिवशी मामा झाडाखाली जाऊन बसले. शेऱ्याला मांडीवर घेतलं.

"कोंडीबा," ते हळू म्हणाले, "मुक्या जिवाला सोड गड्या. काय असंल ते माझ्यासंगं बघ."

मामी दारातून बघत होत्या. वारा पडला. साखळी एकदाच वाजली...

शेऱ्या उठला आणि सरळ घरात पळाला.

मामा मात्र अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

शेऱ्या आता मिरजेला असतो, मामांच्या लेकीकडे, अंकिताकडे. तिच्या पोरांशी खेळतो. गळ्यावर केसही आलेत.

एप्रिलमध्ये मी उंब्रजला गेलो. दुपारचे तीन वाजून गेले होते. मामा पेरूखाली बसले होते. ऐन उन्हात गळ्याला मफलर.

"चला मामा, नदीवर जाऊन येऊ."

ते उठले. तीन पावलं आले. थांबले.

"तू जा," ते म्हणाले. "माजं हितवरच हाय."

मामींनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर मी तिकडं गेलेलो नाही. मामींचा फोन आला की उचलायच्या आधी घड्याळ बघतो...