डावा खांदा

आता आसनं कोणी शिकत नसे, ती बसवून घेत. वीरभद्रासनात पाय किती फाकवायचे, पुढचा गुडघा घोट्याच्या बरोबर वर कसा आणायचा, मागची टाच जमिनीत कशी रोवायची, हे सगळं आपल्या लहान मेंदूत साठतं. सराव झालेल्या माणसाच्या मेंदूतली ही आज्ञांची साखळी टिपून दुसऱ्याच्या मेंदूत उतरवता येऊ लागली, तेव्हा लोक तिला ‘ठसा’ म्हणू लागले. ठसा बसला की शरीर चुकत नसे, आणि न चुकता रोज केलं की मांड्यांत हळूहळू बळ येई.

मिरजेच्या कमलिनी दाबके यांनी जन्मभर आसनं शिकवली ती हाताला धरून, ओरडून. ठशाचं नाव काढलं तरी त्या नाक मुरडत. पण म्हातारपणी दुखण्यानं अंथरूण धरलं, पायांच्या काड्या झाल्या आणि शरीर सगळं विसरून बसलं. शेवटी त्या ठसा-केंद्राची पायरी चढल्या. तिथली डॉक्टर ओवी बारटक्के त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

“बाई, तुमच्यासाठी एक ठसा राखून ठेवलाय. सरांचा.”

सर म्हणजे कमलिनीबाईंचे यजमान. त्र्यंबकरावांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. केंद्र नवीन निघालं तेव्हा त्यांनी हौसेनं आपला ठसा देऊन ठेवला होता.

कमलिनीबाई हसल्या. “यांचा? अगं, यांचा डावा खांदा सदा कानाला भिडलेला! मी मागून जाऊन बोट ठेवायची, ‘अहो, खांदा!’ की खाली. माझी पाठ फिरली की परत वर. आणि म्हणायचे, ‘तो माझं ऐकत नाही, तुझ्या बोटाची वाट बघतो.’”

“तो ठशातही तसाच आहे, म्हणून तर विचारतेय. तसाच ठेवू की दुरुस्त करून बसवू? ठेवला तर मान थोडी अवघडेल, एवढंच. पण एका आसनाचा ठसा एकदाच बसतो. नंतर बदलता येत नाही.”

“चुकीचं आसन मी करू? या वयात? दुरुस्त कर.”

“बाई, घाई नाही. घरी जाऊन विचार करा.”

“चूक दिसल्यावर थांबायला तुला मी शिकवलं का गं?”

ओवीनं खांदा दुरुस्त करून ठसा बसवला.

केंद्रातल्या गलक्यात रोज सराव करून पायांत जीव आला. एका सकाळी कमलिनीबाई घरच्या आरशासमोर एकट्याच उभ्या राहिल्या. पाय फाकले, हात पसरले. गुडघ्यात वाकण्याआधी त्यांच्याच गळ्यातून एक बारीक ‘हं’ निघाला. अगदी त्र्यंबकरावांचा.

“अहो, खांदा!” त्या सवयीनं बोलून गेल्या.

आरशात दोन्ही खांदे एका रेषेत होते.

त्यांनी डावा मुद्दाम उचलला. तो अर्ध्यावर आला आणि मागून कुणी बोट ठेवावं तसा अलगद खाली गेला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली.

“राहू दे ना वर,” त्या म्हणाल्या.

खांद्यानं ऐकलं नाही.