बॉनेटच्या आडून

एकाने खोललेलं इंजिन दुसऱ्याने बांधू नये म्हणतात. पण नर्सबाईंच्या जुन्या मोटारीच्या नशिबी नेमकं तेच आलं. इंजिन खोललं ते भाऊजींनी. वरचं झाकण, हेड, उतरवून फळीवर ठेवलं आणि त्याच आठवड्यात भाऊजींनाच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. गॅरेज आता त्यांच्या मेव्हण्याच्या गळ्यात पडलं. त्याला सगळे धाकटा म्हणत. चाळिशी उलटली तरी नाव धाकटाच.

नर्सबाई अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे घरोघर जायच्या. भाऊजींच्या हाताला व्यायाम द्यायलाही त्याच यायच्या. एके दिवशी सकाळी त्या गॅरेजवर डोकावून गेल्या.

"आज संध्याकाळी तरी मिळेल ना रे गाडी? टेकडीपलीकडच्या आजोबांची जखम चिघळलीय. पायी जाऊन होत नाही आता."

"नेऊनच टाका आज," धाकटा म्हणाला. बोलून तर बसला.

इंजिन बांधून झालं होतं. किल्ली फिरवली की ते घरघर फिरायचं, पण पकडायचं नाही. एखादा म्हातारा शिंकेच्या बेतात यावा आणि शिंक येऊच नये, तसं.

धाकट्याने बॅटरी बदलून पाहिली. प्लग काढले, ठिणगी निळी, कडक. पेट्रोल चढत होतं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवलं, तर हवेने अंगठा उडवून दिला. ठिणगीच्या टायमिंगच्या खुणा जुळवल्या, पुन्हा उकलल्या, पुन्हा जुळवल्या. हवा, पेट्रोल, ठिणगी. इंजिनाला आणखी हवं तरी काय? सगळं जागच्या जागी होतं आणि गाडी ढिम्म.

दुपार कलली. आभाळ भरून आलं होतं, पण वारा पडलेला. पत्र्याखाली पेट्रोलचा आणि जुन्या ऑइलचा वास साकळला होता. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होती. धाकटा थकून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. समोर उघडं बॉनेट, म्हणजे काचेतून दिसत होता तो नुसता काळा पत्रा.

टक टक.

त्याने मान वर केली. आवाज बॉनेटच्या आडून आला होता.

भाऊजींची ही जुनी खूण. ते इंजिनावर वाकलेले असायचे, धाकटा किल्लीवर. एकमेकांना दिसायचे नाहीत. दोनदा टकटक म्हणजे ‘मार सेल्फ’. एकदा म्हणजे ‘थांब’. ओरडायचं कशाला, म्हणायचे, इंजिन ऐकायचं असतं.

"कोण आहे?"

तो उतरून पुढे गेला. कोणी नव्हतं. पत्रा आकसला असेल, उंदीर असेल. मनाची समजूत घालून तो परत बसला.

टक टक.

आता मात्र त्याच्या अंगावर काटा आला. पण हात... हाताला वीस वर्षांची सवय होती. डोकं ‘नको’ म्हणत असताना हाताने किल्ली फिरवली.

इंजिनाने पकडलं. आधी खोकलं, धडधडलं, आत्ता बंद पडेल असं वाटलं. मग त्याचा आवाज हळूहळू बदलू लागला. कोणीतरी प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवतंय... जरा पुढे, जरा मागे... कानाने टायमिंग लावतंय, अगदी तसा. धडधड विरली. इंजिन गुळगुळीत गुणगुणू लागलं.

टक.

धाकट्याने किल्ली बंद केली. कितीतरी वेळ तो उतरलाच नाही. उतरला तेव्हा समोर कोणी नव्हतं. डिस्ट्रिब्युटर मात्र त्याने आवळला होता त्या जागी नव्हता. बोटभर सरकलेला, आणि बोल्ट पुन्हा गच्च आवळलेला. म्हणजे खुणा आता जुळत नव्हत्या; आणि गाडी चालू होत होती. त्याला काही म्हणजे काही उमगेना. आपणच सरकवला असेल का? सरकवला, तर पाना पेटीत कसा?

एवढ्यात फोन वाजला. धाकट्याची बहीण, ताई होती. आवाज आनंदाने कापत होता.

"अरे, यांचा हात हलला! उजवा! दुपारपासून पलंगाच्या फळीवर टकटक चाललीय. दोनदा वाजवतात, थांबतात..."

"आत्ता?" धाकट्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"आत्ता थांबले बघ. आधी मनगट फिरवत होते सारखं, काहीतरी आवळल्यासारखं. मग एकदाच वाजवलं. तू ये ना लवकर."

नर्सबाई आल्या, तेव्हा किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. "गुण आहे हो तुझ्या हाताला," त्या कौतुकाने म्हणाल्या. धाकट्याला हसू आलं नाही. आजोबांकडे जाण्याआधी वाटेत भाऊजींना बघू या, म्हणून दोघं तसेच घरी गेले.

भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे, अंग घामाने भिजलेलं. ताईने उत्साहाने त्यांचा उजवा हात उचलून दाखवला. हात ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

नर्सबाईंनी बोटं चेपली, सुईने टोचून पाहिलं. मग हळूच मान हलवली. "ताई... हा हात हलणं शक्य नाही हो. जीवच नाही त्यात."

"मी डोळ्यांनी पाहिलंय!"

धाकटा भाऊजींकडे बघत होता. भाऊजी मान वळवून त्याच्याकडे. त्यांच्या नजरेत ओळख होती, पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. वाट चुकलेलं पोर बघतं तसं बघत होते ते. जणू विचारत होते, तूच सांग, मी कुठे होतो?

नर्सबाईंनी हात उलटा केला आणि त्या थबकल्या. तळव्यावर टपोरा फोड आला होता.

"हे कशाने भाजलं? तापल्या लोखंडाला लागावं तसं... आणि ताजं आहे."

"भाजेल कसं?" ताई गोंधळली. "पलंग सोडून हलले का ते? सकाळी मीच हात धुतले, काही नव्हतं."

नर्सबाईंनी फोडाखाली कापूस धरला आणि सुईचं टोक अलगद टेकवलं. कातडी फुटली. पाणी आलं नाही. कापूस काळा झाला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि धाकट्यापुढे धरला.

ऑइल होतं. अजून गरम.