खिशातला स्पीकर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. मी गणिताचा मास्तर. पडताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहीत नाही. या गोष्टीचा पडताळा मात्र मला अजून जमलेला नाही.

१९९२ साल. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, दिवेलागणीची वेळ. सेलूला, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी.

बहीण नर्मदाबाई. तिचे मालक किशनराव ओसरीवर टायपिंगचा क्लास चालवायचे. उन्हाळ्यात ते गेले. पोरं आता कॉम्प्युटर मागत होती, म्हणून नर्मदाने सगळे टाइपरायटर विकून एक जुना कॉम्प्युटर घेतला. सोमवारपासून मीच शिकवणार होतो. क्लास सुरू झाला नसता, तर पोरं दुसरीकडे गेली असती.

कॉम्प्युटर चालायला त्यात आधी ऑपरेटिंग सिस्टिम भरावी लागते. तेव्हा ती फ्लॉप्यांवर यायची. एक संपली की पुढची घालायची.

पहिली फ्लॉपी नीट गेली.

दुसरी अर्ध्यावर अडकली.

बटणं दाबली. काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केला, केबल घट्ट बसवली, फ्लॉपी पुसून घातली. पुन्हा तिथेच अडकला.

आणि मग…

पीं… पीं…

दोनदा.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. नर्मदा धावत दारात आली.

"दादा, हे असंच बोलवायचे मला! टाइपरायटरची घंटी दोनदा वाजवायचे. चहा पायजे म्हणून."

आमच्याकडे सांगतात, मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली तरच ओ द्यावी. शाळेतल्या पोरांना मीही हे गमतीनं सांगायचो.

"ओ देऊ नकोस," मी म्हणालो. "तिसरी येऊ दे."

ती हसली. "तुलाच लागतात तीन हाका. लहानपणापासून बहिरा हायेस. ह्यांनी मला कदी तिसऱ्यांदा बोलवलंच न्हाई."

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आतला स्पीकर वायरीसकट उपटून काढला. रुपयापेक्षा थोडा मोठा. शर्टाच्या खिशात टाकला.

"आता वाजणार नाही."

ओसरी एकदम शांत झाली…

माझ्या छातीवर काहीतरी थरथरलं.

पीं… पीं…

"आले, आले!" नर्मदा म्हणाली. मला अडवायला वेळच मिळाला नाही.

तेवढ्यात फ्लॉपी खरखरायला लागली. पडद्यावरचे आकडे पुढे सरकले.

मी कशालाही हात लावला नव्हता.

सोमवारी क्लास सुरू झाला.

पुढच्या रविवारी, मी माझ्या घरी गेलेलो असताना, नर्मदा गेली. झोपेतच. शेजारच्या कासाबाई म्हणाल्या, "सांजच्याला 'आले, आले' म्हनत व्हती. मला वाटलं पावनं आलेत. घरात तर कोनीच न्हवतं."

तो स्पीकर माझ्याकडेच राहिला. टेबलाच्या खणात पडून आहे. कशालाही जोडलेला नाही.

परवा मी दिवा लावत होतो…

खणातून आवाज आला.

पीं… पीं…

मी श्वास रोखून उभा राहिलो. दोनच, मनाशी म्हटलं. दोनच.

…पीं.

मला नर्मदा तीनदाच हाक मारायची.

आणि तिसऱ्या हाकेला ओ द्यावी, हे मीच पोरांना सांगत आलो.

मी अजून ओ दिलेली नाही.