गोलातली रिकामी जागा

पितांबर मास्तरांची तिकडे आफ्रिकेत, मोंबासाला एक बायको असणार, याबद्दल धुरपदाला काडीचीही शंका नव्हती. शंका एवढीच, की ती जिवंत आहे की गेली!

ओळख झाली तीच मुळी विचित्र. देवपूरच्या शाळेत ती पहिल्या दिवशी शिकवायला आली, तर व्हरांड्यात हा उंच माणूस शेगडीवर ढोल शेकत बसलेला.

"गारठ्यानं आवाज बसलाय याचा," तो म्हणाला. "तुमचा नाही ना बसला?"

चावट कुठला!

वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी तो आफ्रिकेत वाढला होता. तिकडची गाणी अन् नाच तो आता इथल्या पोरांना शिकवायचा. पायांत गुलमोहराच्या वाळक्या शेंगा बांधून पोरं ठेका धरायची, त्याची ओळ झेलायची. खिडकीतून बघताना धुरपदाचेही पाय टेबलाखाली हलायचे... मग तिला स्वतःचाच राग यायचा.

कारण ढोलासमोर, पोरांच्या गोलात, तो रोज एक जागा रिकामी ठेवायचा. पाणी भरणारी भिकुबाई तर छातीठोक सांगायची, "तठे त्यानी बायको शे." म्हणजे ती जागा त्याच्या तिकडच्या बायकोची.

धुरपदाला हे पटलं, कारण तिच्या घरी तेच होतं. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, गेलेल्या पहिल्या बायकोसाठी आई सणासुदीला रिकामा पाट मांडायची, आणि जन्मभर त्या पाटाला भिऊन जेवली. धुरपदाला तसलं जगणं नको होतं. अन् आज साक्रीहून पितांबरचे भाऊ त्याच्यासाठी तिला मागणी घालायला आले होते. नानांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

ती तडक मैदानात गेली.

"मास्तर, ही जागा तुमच्या बायकोची ना? तिकडच्या?"

तो हसला. ती हसत नाही हे पाहून त्यानं ढोल खाली ठेवला.

"मला लग्नच ठाऊक नाही, बाई. मला तिकडे नाच शिकवणाऱ्या म्हातारीचा नियम होता, गोल पुरा करायचा नाही. बघणाऱ्याला आत यावंसं वाटलं तर...? मलाही तिनं असंच आत घेतलं."

"मग ढोलासमोरचीच जागा का?" धुरपदाचा संशय अजून जाईना.

त्याचे कान लाल झाले.

"तुमच्या खिडकीतून तेवढीच नीट दिसते."

धुरपदानं वहाणा काढल्या, पदर खोचला आणि रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली. पोरं तोंडावर हात धरून खिदळली. पितांबर नुसता बघतच राहिला.

"वाजवा की," ती म्हणाली. "मग घरी जाऊन नानांना हो सांगायचंय."