वाटेतली उष्णता

ग्राउहॉर्नच्या शिखरस्थानकातल्या नियंत्रणकक्षात सगळे आकडे हिरवे होते. तरी शाल्मली देवस्थळीला स्वस्थ बसवत नव्हतं. ती पुन्हापुन्हा खिडकीशी जात होती. समोरून रज्जुपाळणे स्कीवाल्यांना घेऊन वर येत होते. खाली, बर्फ ओसरलेल्या दक्षिण उतारावर, पायवाटेने निघालेल्यांचे रंगीत ठिपके दिसत होते.

"सर, शिखर ठरवल्यापेक्षाही थंड झालंय."

"मग चांगलंच की!" वर्तक सर हसले. आल्प्समधलं हे शिखर आतल्या बर्फानेच सांधलेलं होतं. तो वितळू लागला तेव्हा सरांनी खडकात शीतनलिका बसवल्या. या नलिका खडकातली उष्णता शोषून दक्षिण उतारावरच्या धातूच्या पात्यांतून हवेत सोडत.

"पण खडकातून निघालेली इतकी उष्णता हवेत जाते का? हिवाळाभर पाती बर्फाखाली गाडलेली असतात. बर्फ म्हणजे गोधडीच."

सरांचं हसू मावळलं. "म्हणजे उष्णता पुन्हा खडकातच उतरतेय. दुसऱ्या बाजूने."

"आणि तिकडे आपला एकही तापमापक नाही!"

तिने पाळण्यांची प्रमुख उर्सुला हिला गाठलं. "पायवाट रिकामी करा. खालचं गावही."

उर्सुलाचं स्वतःचं घर त्या गावात होतं. "खात्री आहे?"

"नाही. चुकले तर मला हाकलून द्या."

उर्सुलाने फोन उचलला.

दुपारी दक्षिण कडा गडगडत खाली आला. पायवाट नाहीशी झाली, धूळ गावाच्या वेशीपर्यंत पोचली. खाली कुणीही नव्हतं. सरांनी स्वतःच्या हातांनी शीतनलिका बंद केल्या.

संध्याकाळी शेजारच्या गावच्या शाळेत माणसं चुळबुळत बसली होती. उर्सुलाने विचारलं, "यंत्र तर थांबलं. आता घरी कधी जायचं?"

शाल्मली कागदावर गणित मांडत होती. तिचा हात थांबला.

"खडकातून उष्णता फार सावकाश चालते," ती म्हणाली. "आज कडा पडला तो पहिल्या हिवाळ्याच्या उष्णतेने. यंत्र त्यानंतर आणखी तीन हिवाळे चाललं."

"मग त्या तीन हिवाळ्यांची उष्णता कुठे आहे?"

"वाटेत. आणखी आत, गावाच्या डोक्यावरच्या खडकात."

"थांबवता येत नाही?"

शाल्मलीने नकारार्थी मान हलवली. "तोही खडक सुटेल. तोवर गावात परतता येणार नाही." सर भिंतीला टेकून खाली बघत उभे होते.

 उर्सुलाने उठून कोट सारखा केला. "लोकांना मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं फक्त माझ्या शेजारी उभे राहा."