सुईएवढी गळती

दुपारी तीनला आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी ट्यूशनला जातात. सायकली गेल्या की अख्ख्या लातुरात मी एकटीच उरले असं वाटतं. मग मी नानांच्या वर्कशॉपात येते. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील, खाजामियाँ. डाळ मिलचे सुटे भाग बनवतात. मी यंदा दहावीला, आणि मला धातू कातायचा लेथ चालवायचाय. पोरी हसतात. हसू देत!

त्या शनिवारी नाना म्हणाले, "जोहरा, ये इंजन तू अकेली ठीक कर. ठीक की तो लेथ तेरा. नै तो सोमवार से ट्यूशन."

इंजन आमच्या शाळेतल्या गुरुपादप्पा सरांचं, खेळण्यातलं. हातभर लांब, पितळी बॉयलरचं, खऱ्या वाफेवर चालणारं. सरांनी ते मुलीसाठी बनवलं होतं. दोन वर्षांपूर्वी भूकंपात त्यांचं गावाकडचं घर पडलं. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून आधी इंजन दिसलं, मग त्याला बिलगलेली नऊ वर्षांची दानम्मा.

"रेग्युलेटर गळतोय," सर इंजन ठेवताना म्हणाले होते. "घरात मी एकटाच असतो गं. त्याचा आवाज सहन होत न्हाई."

"मग पेटवता कशाला, सर?"

"पेटवत न्हाई."

रेग्युलेटर म्हणजे वाफ सोडणारा कॉक. त्याचा दांडा बॉयलरमधून बाहेर येतो, तिथलं पॅकिंग कुजलं होतं. ते खरवडून काढलं, नवा दोरा गुंडाळला, नट बसवला. वीस मिनिटांत! मग पंक्चरवाल्यासारखी परीक्षा. सायकलच्या पंपानं बॉयलरमध्ये हवा भरली आणि दांड्याच्या बुडाशी साबणाचा फेस लावला.

बुडबुडा आला. सुईएवढी गळती राहिलीच होती. बुडबुडा हरभऱ्याएवढा फुगला.

मग बसला. पुन्हा फुगला.

मी पंप काढला, भरलेली सगळी हवा सोडून दिली. दाबाचा काटा शून्यावर आला. बुडबुडा फुगत होता, बसत होता.

भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मोजलं. मिनिटाला बावीस. मी माझा श्वास रोखून पाहिला. त्याचा थांबला नाही.

"नाना, जरा इकडं या."

नाना बराच वेळ वाकून बघत राहिले. मग टोपी नीट केली. "अब्बी बी छोड सकती तू," हळूच म्हणाले.

"आणि ट्यूशन?"

नाना लेथजवळ जाऊन उभे राहिले.

मी पाना घेतला. नट पाव फेरा आवळला. बुडबुडा ज्वारीच्या दाण्याएवढा झाला.

अजून पाव. राईएवढा. आता मोजता येईना इतका भरभर.

अजून पाव.

थांबला.

पुन्हा हवा भरली. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. मी टाळी वाजवली. रिकाम्या वर्कशॉपात ती फारच मोठी वाजली.

पाचला सर आले. त्यांच्यासमोर मी कॉक उघडून हवा सोडली. बॉयलर थंडगार होता, पण तळहातावर कोमट, ओलसर झुळूक आली. काटा शून्यावर आला तरी ती येतच राहिली. थांबत, पुन्हा येत.

"आता न्हाई ना येणार आवाज?" सरांनी विचारलं.

नानांचा हात लेथच्या बटणावर होता. ते माझ्याकडं बघत होते.

"न्हाई सर," मी म्हणाले आणि कॉक बंद करायला लागले.

दांडा अर्ध्यात अडला. आतून कुणी धरल्यासारखा. फार जोर नव्हता त्यात.

माझा जास्त होता.